सल, पानसोट आणि पुनरारंभ

केशिराजबासांनी संकलिलेल्या 'दृष्टांतपाठा'त 114 दृष्टांत आहेत. सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक ही त्याची रचना पंथीयांच्या परिचयाची आहे. त्याच रीतीने संत्र्याच्या बागेकडे पाहिले असता, आचारातून ढळलेल्या साधकाने पुनश्च आरंभ कसा करावा, हे उमजते.

दृष्टांत : श्रीगोविंदप्रभूंचे रिद्धपूर ज्या मोर्शी तालुक्यात आहे, तो प्रदेश संत्र्याच्या बागांचा. बाग खंगू लागली म्हणून माळी ती लगेच उपटीत नाही. फळे उतरल्यावर तो वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, काढतो. त्या वेळी लगतचा सुमारे 2 सेंटिमीटर हिरवा भागही छाटतो. कारण रोग वाळक्या लाकडाच्या सीमेवर थांबलेला नसतो. मग 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी यांचा बोर्डो मलम तो कापावर लावतो. पुढे पालवी फुटते. तीत कलमाच्या जोडाखालून, खुंटावर फुटलेले पानसोटही असतात. ते जोमाने वाढतात, परंतु कलमाचे फळ देत नाहीत. उलट त्याचे पोषण खातात. म्हणून ते कोवळे असतानाच काढावे लागतात.

दार्ष्टांतिक : माळ्याचा व्यवहार गृहस्थाचा, साधूने त्यातील मर्म घ्यावे. सल म्हणजे घडलेला निषिद्ध आचार. प्रमाद होताच कित्येक साधक 'आता सर्व बुडाले' असे मानून विधीच सोडतात. हे सल पाहून बाग उपटण्यासारखे होय. दुसरे कित्येक दोष तेवढा टाकतात, पण त्याची निमित्ते, म्हणजे ती संगत, ते स्थान, तो अवेळचा संवाद, निर्दोष समजून राखतात. तोच हा हिरवा भाग. तो सोडवत नाही, म्हणून दोष पुन्हा चढतो. अनुताप ही कात्री आणि प्रायश्चित्त हा मलम. कात्रीवाचून लावलेल्या मलमाने रोग केवळ झाकला जातो.

खुंट म्हणजे अनादी अविद्येने युक्त असा जीवाचा स्वभाव. तो एका छाटणीने पालटत नाही. 'मी सुधारलो' ही अहंता त्याचाच पानसोट. पुनरारंभाच्या उत्साहात तो सर्वांआधी फुटतो आणि हिरवा दिसतो म्हणून फसवितो. नित्य स्मरणाच्या समयी त्याचा शोध घ्यावा.

माळी छाटतो, पाणी देतो. फळ मात्र त्याच्या हाताने घडत नाही. तसे विधी आचरणे साधकाकडे आणि उद्धरणे परमेश्वराकडे. गेलेल्या वर्षांचा शोक करीत न बसता आजचे स्मरण न चुकविणे, हाच पुनरारंभ होय.