अॅल्युमिनियमच्या इंजिन ब्लॉकला तडा गेल्यास

ऐन फवारणीच्या किंवा कोळपणीच्या दिवसांत पॉवर स्प्रेअर अथवा पॉवर वीडरच्या पेट्रोल इंजिनातून तेल गळू लागते आणि ब्लॉकला तडा गेलेला दिसतो. घाईने साध्या वेल्डिंगच्या सळईने तो भरून घेतल्यास ब्लॉक कायमचा निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून पुढील गोष्टी समजून घेऊनच काम करून घ्यावे.

१) तडा कोठे आहे?
बाहेरची भिंत, बसवणीचे कान किंवा तेलाच्या बुचाजवळचा भाग तडकला असल्यास वेल्डिंग उपयोगी पडते. सिलिंडरची आतील भिंत किंवा बेअरिंगची बैठक तडकली असल्यास वेल्डिंगवर पैसे घालू नयेत. उष्णतेने माप बिघडते व इंजिन पुन्हा बंद पडते. अशा वेळी ब्लॉक बदलणेच स्वस्त पडते.

२) धातू ओळखणे
लोहचुंबक चिकटल्यास ब्लॉक ओतीव लोखंडाचा समजावा. त्याची पद्धत वेगळी आहे. चुंबक न चिकटल्यास थोडी जागा कानशीने घासून व्हिनेगारचा थेंब टाकावा. बुडबुडे आल्यास धातू मॅग्नेशियमचा असू शकतो. त्याचा कीस पेट घेतो, म्हणून असे काम माहितगाराकडेच द्यावे.

३) पूर्वतयारी
- टाकी व कार्बोरेटर काढून इंजिन पूर्ण सुटे करावे.
- ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने धुवावा. नंतर थोडा तापवून भेगेतून पाझरणारे तेल पुन:पुन्हा पुसावे. तेल राहिल्यास जोड सच्छिद्र होतो.
- क्लोरीनयुक्त क्लीनर वापरू नये. वेल्डिंगच्या आर्कमुळे त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.
- भेगेच्या दोन्ही टोकांस ३ मि.मी.चे छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे वाढत नाही. मग भेग इंग्रजी 'व्ही'च्या आकारात कोरावी.

४) वेल्डिंग
अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सें. ला वितळते, पण त्यावरील ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर वितळतो. म्हणून केवळ अॅल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने तो थर वेल्डिंगपूर्वी काढावा. आर्गॉन वायूवरील टिग वेल्डिंग ए.सी. प्रवाहावर करावे व सुमारे ५ टक्के सिलिकॉन असलेली ४०४३ तार वापरावी.

ब्लॉक आधी सुमारे १५० अंशांपर्यंत सर्व बाजूंनी सारखा तापवावा. हा धातू तापून लाल होत नाही, एकदम ढासळतो. त्यामुळे नजरेवर विसंबू नये. जाड पट्टीला बोल्टने आवळून २-३ सें.मी.चे लहान टप्पे घालावेत. काम संपल्यावर कोरड्या गरम वाळूत झाकून हळूहळू थंड होऊ द्यावे. पाणी कदापि ओतू नये.

५) तपासणी
जोडावर बाहेरून खडूचा पातळ लेप देऊन वाळवावा व आतून रॉकेल लावावे. अर्ध्या तासात बाहेर ओला डाग दिसल्यास जोड गळतो आहे असे समजावे. गॅस्केटचा पृष्ठभाग सपाट आहे का व बेअरिंग पूर्वीसारखे बसते का हेही पाहावे.

तडा जाऊ नये म्हणून
तेलाची पातळी रोज पाहावी. तेल कमी पडल्यास कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडतो. बसवणीचे बोल्ट दर आठवड्यास आवळावेत व थंडाव्याच्या पंखांतील धूळ-काडीकचरा काढावा. पाच मिनिटांच्या या देखभालीने वेल्डिंगचा खर्च व हंगामातील खोळंबा दोन्ही टळतात.