जुन्या खेळयंत्रांचे जतन

जतन करणे म्हणजे वस्तू कपाटात बंद करून ठेवणे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. यंत्रांच्या बाबतीत तो खरा नाही. न वापरलेले यंत्रही आतून जीर्ण होत असते. व्हिडिओ गेमच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने 1983 मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' हे खेळयंत्र बाजारात आणले. 1990 च्या दशकात त्याच्या नकला 'लिटल मास्टर'सारख्या नावांनी भारतातील घरांत पोहोचल्या. कॅसेट चालेनाशी झाली की मुले तिच्यात फुंकर मारीत. हा उपाय मात्र अपायकारक होता. कारण श्वासातील ओलाव्यामुळे धातूच्या पट्ट्या गंजतात. त्याऐवजी कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून पट्ट्या पुसाव्यात आणि त्या पूर्ण वाळल्यावरच कॅसेट यंत्रात बसवावी.

यंत्राच्या आत कपॅसिटर नावाचे लहान डब्यांसारखे भाग असतात. त्यांपैकी काहींत द्रव असतो. कालांतराने तो सुकतो किंवा पाझरतो आणि सर्किट बोर्डावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. काही कॅसेटमध्ये खेळाची प्रगती साठवण्यासाठी चपटा सेल असतो. तो संपला की साठवलेली माहिती पुसली जाते. असे भाग वेळीच काढून, डाख देऊन नवे बसवावे लागतात. यंत्र तापणाऱ्या माळ्यावर न ठेवता कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावे आणि अधूनमधून चालवून पाहावे. अडॅप्टर बदलताना व्होल्टेज व धन-ऋण टोकांची जुळणी तपासावी. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब मात्र स्वतः उघडू नये. टीव्ही बंद केल्यावरही तिच्यात घातक विद्युतदाब शिल्लक असू शकतो.

बेंगळुरूसारख्या शहरात जुन्या यंत्रापुढे दोन वाटा असतात. एक वाट पुनर्चक्रीकरणाची. शहराजवळील डोबसपेट येथे 'ई-परिसरा' हा कारखाना टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून तांब्यासारखे धातू परत मिळवतो. दुसरी वाट सदर पत्रप्पा रोडकडे, म्हणजेच एस. पी. रोडकडे जाते. तेथील दाटीवाटीच्या दुकानांत इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळतात. दुरुस्त होऊच न शकणाऱ्या यंत्रासाठी पहिली वाट योग्यच आहे. पण तिथून धातू परत येतो, खेळ परत येत नाही.

हे नुकसान लहान नाही. 2010 पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी सुमारे 87 टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत, असे 2023 मधील एका अभ्यासात आढळले. काही खेळ तर विशिष्ट उपकरणाशीच बांधलेले असतात. बदके टिपण्याच्या खेळातील बंदूक पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते. सपाट पडद्यावर तिचा नेम लागत नाही.

ग्रंथ वाचण्यासाठी डोळे पुरेसे असतात. खेळ 'वाचण्यासाठी' चालू यंत्र लागते, आणि यंत्र चालू राहण्यासाठी ते उघडू जाणणारे हात लागतात. म्हणूनच दुरुस्तीची विद्या शिकणारा कारागीर हाही जतन करणाराच असतो. ही विद्या लोप पावली, तर कपाटातील यंत्र शाबूत असूनही मुके होईल.

स्वाध्याय
1. कॅसेटमध्ये फुंकर मारणे अपायकारक का आहे?
2. 'धातू परत येतो, खेळ परत येत नाही' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
3. आपल्या घरातील एखाद्या जुन्या यंत्राच्या जतनासाठी आपण काय कराल, ते आठ ओळींत लिहा.