स्कॅन करताना उत्तर कुणी दिलं ते बघ

हे बघ, ज्याचं नेटवर्क त्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय स्कॅनला हात लावायचा नाही. सरावच करायचा असेल तर एनमॅप या पोर्ट-स्कॅनरच्या लोकांनी त्याचसाठी 'स्कॅनमी' नावाचा सर्व्हर खुला ठेवलाय.

सिन पॅकेटला सिन-ॲक आलं की पोर्ट उघडा, आरएसटी आलं की बंद. काहीच आलं नाही, किंवा आयसीएमपीने नकार कळवला, तर एनमॅप 'फिल्टर्ड' लिहितो. नवी मुलं 'फिल्टर्ड' म्हणजे बंदच समजून पुढे सरकतात. तसं करू नकोस. बंद पोर्ट उत्तर देतो. 'फिल्टर्ड' असेल तिथे बहुधा मधली फायरवॉल पॅकेट गिळतेय, आणि मागे सर्व्हिस चालू असेलही.

काही फायरवॉल तर आरएसटीही स्वतःच पाठवतात. म्हणून 'रीझन' हा पर्याय लावत जा, टीटीएल दिसतो; तो वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर एकाने घटतो. समज, 80 वरचं सिन-ॲक 52 टीटीएलने आलं आणि 25 वरचं आरएसटी 57 ने. मग ते आरएसटी सर्व्हरच्या अलीकडूनच कुणीतरी दिलं असावं, असा संशय घ्यायचा. शक्य असेल तेव्हा एक स्कॅन बाहेरून आणि एक आतून कर. दोन्हींतला फरक म्हणजे फायरवॉल प्रत्यक्षात काय अडवते त्याचा हिशेब.

सर्व्हिसच्या नावावर मात्र लगेच विश्वास नको. साध्या स्कॅनमध्ये 443 पुढे 'एचटीटीपीएस' येतं ते निव्वळ यादीतून; तिथे एसएसएच बसवलेलं असलं तरी तेच छापून येईल. खरी ओळख व्हर्जन डिटेक्शनने पटते. एनमॅप आधी जोडणी करून काही सेकंद नुसता ऐकतो. एसएसएच, एफटीपी, मेल सर्व्हर स्वतःहून बोलतात. वेब सर्व्हर गप्प राहतो, त्याला विनंती पाठवावी लागते. आलेलं उत्तर मग साठवलेल्या नमुन्यांशी जुळवलं जातं. 'टीसीपीरॅप्ड' दिसलं तर जोडणी झाली, पण एक अक्षर न बोलता समोरच्याने तोडली. पत्ते ठरवून प्रवेश देणारं काहीतरी तिथे असू शकतं.

यूडीपीला वेळ काढून बस. तिथे शांतता म्हणजे 'उघडा किंवा फिल्टर्ड', दोन्हींपैकी काहीही. डीएनएसला डीएनएसचाच प्रश्न विचारलास तर बोलेल.

आणि बॅनरवर जुना आकडा दिसला म्हणून रिपोर्टात लगेच 'धोका' लिहू नकोस. डेबियन, रेड हॅटवाले जुन्याच आवृत्तीत सुरक्षेची दुरुस्ती घालतात, आकडा तसाच राहतो. पॅकेजची पूर्ण आवृत्ती सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून मागून घे, मग लिही.