गाव बदलायचं असेल तर आधी एक पावसाळा काढा

2020च्या टाळेबंदीत मुंबई सोडायचा विचार पुष्कळ घरांत शिरला, तसा आमच्याही घरात शिरला. माझा जन्म दादरचा, शाळा दादरची, सासरही दादरचंच. शिवाजी मंदिरची नाटकं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातली पुस्तकं, संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ठरलेल्या जागी बसणाऱ्या मैत्रिणी. हे सगळं मागे ठेवून जायचं होतं चिपळूणला. तिथे आमचं माहेर नाही, सासर नाही, कुलदैवतही नाही. नोकरीत फिरताना यांना ते गाव आवडलं होतं, एवढाच धागा. परशुरामाचा डोंगर, वाशिष्ठीचं पात्र, गोवळकोटची खाडी, आणि रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई.

जानेवारीत घरं पाहायला गेलो. त्या दिवसांत कोकण कुणालाही आवडेल. हवा कोरडी, आंब्याला मोहोर, नदी तळाशी गेलेली. दलालाने बाजारपेठेच्या बाजूचा तळमजल्यावरचा एक फ्लॅट दाखवला. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "इथे पाणी येत नाही हो, 2005 साली आलं तेवढंच." विसाराची रक्कमही त्याने लगेच सांगून टाकली. आम्ही विसार दिला नाही, त्याचं श्रेय पलीकडच्या गल्लीतल्या एका काकींना. त्यांच्याकडे पाणी मागायला गेलो होतो. त्यांनी आम्हाला ओटीवर बसवलं आणि भिंतीवरची खूण दाखवली. 26 जुलै 2005चं पाणी तिथवर चढलं होतं. माझ्या डोक्याच्या वर. "वहिनी, राहायचं तर माडीवर राहा, आणि आधी भाड्याने राहा," त्या म्हणाल्या. त्यांच्याच ओळखीने आम्हाला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या.

22 जुलै 2021. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते आणि गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे खाडीला उधाणाची भरती. वर घाटमाथ्यावर पाऊस थांबत नव्हता. रात्रीतून पाणी चढत गेलं. उजाडेपर्यंत खालच्या अंगणातल्या स्कूटरी दिसेनाशा झाल्या. मग वीज गेली, फोन गेले, रेल्वे थांबली, महामार्ग बंद झाला. खाली डोंबिवलीहून आलेलं एक निवृत्त जोडपं राहायचं. तिथला फ्लॅट विकून त्यांनी इथला तळमजला घेतला होता. ते दोघं आमच्याकडे वर आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. पाणी ओसरल्यावर त्यांच्या घरात गुडघाभर गाळ होता आणि त्या गाळात फ्रीज, गाद्या, बँकेची कागदपत्रं, मुलीच्या लग्नाचे फोटो. त्यांना परत जायला डोंबिवलीत घर उरलं नव्हतं. एवढी धडधाकट माणसं लेकीच्या घरी पाहुण्यासारखी राहताना मी पाहिली आहेत. हे लिहायला घेतलं ते त्यांच्यासाठी.

चिपळूणला पाणी का भरतं हे तिथला शाळकरी मुलगाही सांगेल, पण मुंबईहून जाणाऱ्याला ते ठाऊक नसतं. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी डोंगराच्या पश्चिमेला उतरवलं जातं, कोळकेवाडीच्या धरणातून पुढे वाशिष्ठीला मिळतं. सह्याद्रीवरून येणारं पाणी वेगळंच. नदीचं पात्र गाळाने भरलेलं, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर पाण्याने जायचं कुठे? ही नदी गावात शिरते तेव्हा दोन्हीकडून कोंडलेली असते. 2021च्या पुरानंतर गाळ काढा म्हणून लोकांनी साखळी उपोषण केलं, तेव्हा काम हललं.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा पूररेषेचा नकाशा आधी मागा. जलसंपदा विभाग तो आखतो, नगरपरिषदेत पाहायला मिळतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, दोन्ही रेषांच्या मध्ये निर्बंध असतात. जुन्या इमारतींना हे कळायच्या आधीच परवानग्या मिळून गेलेल्या असतात, त्यामुळे "परवानगी आहे" या उत्तरावर थांबू नका. आणि पंचवीस-शंभर या आकड्यांवरही विसंबू नका. 2005 आणि 2021 यांत सोळाच वर्षं गेली.

जागा किंवा बाग घेऊन घर बांधायचा विचार असेल तर सातबारा वकिलाकडून वाचून घ्या. ज्याच्या नावावर शेतजमीन नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. कोकणातल्या सातबाऱ्यावर सामाईक नावांची रांगही असते. त्यांतले निम्मे मुंबईत, काही हयात नसलेले. एका भावाने सही दिली म्हणजे व्यवहार झाला असं होत नाही.

आता माझ्या मते सगळ्यांत अवघड गोष्ट, जिच्याबद्दल घर बघताना कुणी बोलत नाही. कोकणात पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कुठले? कुणाकडचे?" त्यात आकस नसतो. पण उत्तर देता आलं नाही की माणूस पाहुणाच राहतो. गणपतीत तर मला रडू आलं. दादरला गणपती म्हणजे घरात पाय ठेवायला जागा नसते. इथे आमच्या इमारतीतली बिऱ्हाडं कुलूप लावून आपापल्या गावी, मूळ घरी गेली. चाकरमानी मुंबईहून गाड्या भरून आले, पण तेही त्यांच्या वाडीवर. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते, तीही मानाप्रमाणे, वाडीप्रमाणे. आम्ही गच्चीतून पाहिली. हे त्या गावाचं वैभव आहे आणि ते त्यांचंच असावं. फक्त आपण त्यात नसणार, हे जाणाऱ्याने आधी मनाशी नीट बोलून घ्यावं. नवरा-बायको दोघांनी, वेगवेगळं. कारण यांना नदीकाठी फिरायला मिळालं की पुरतं. माझं तसं नाही. मला बोलायला बाया लागतात.

मला दार उघडलं ते लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने. 1864 सालची ही संस्था, दोन्ही पुरांत तिची पुस्तकं भिजली. पुरानंतर मी तिथे गाळ काढायला गेले, तेव्हा "कुणाकडच्या?" असं कुणी विचारलं नाही. सोबत काम करणाऱ्या बायकांपैकी तिघीचौघी आज माझ्या मैत्रिणी आहेत. नव्या गावात कोणतं काम हाती घेता येईल, हे घर शोधण्याइतकंच मन लावून शोधा.

दवाखान्याचंही तसंच. यांना हृदयविकार आहे. कामथ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, डेरवणला वालावलकरांचं मोठं रुग्णालय आहे, त्यामुळे चिपळूण या बाबतीत कोकणातल्या पुष्कळ गावांपेक्षा बरं. तरी डेरवण गावाबाहेर आहे आणि मुसळधार पावसात, रात्री दोन वाजता रिक्षा मिळत नाही. एकदा तो रस्ता पावसात जाऊन पाहा.

आम्ही चिपळूणलाच राहिलो. उंचावरच्या वस्तीत, अजूनही भाड्याने. दादरची जागा विकलेली नाही. तिच्या भाड्यात इथलं भाडं निघतं. मुंबईतलं घर एकदा विकलं की त्याच पैशांत तिथे परतता येत नाही, हे आमच्या खालच्या जोडप्याने फार सोसून पाहिलं. तेव्हा गाव चिपळूण असो, महाड असो की आणखी कुठलं, जून ते सप्टेंबर तिथे भाड्याने राहा, आणि तोवर शहरातल्या घराच्या विक्रीच्या कागदावर सही करू नका.