आहेराच्या वहीतले लग्न

प्रश्न : माळ्यावरच्या पेटीत पणजोबांच्या लग्नातली आहेराची वही सापडली. शके १८३०, फाल्गुन महिना. अर्धी मोडीत, अर्धी बाळबोधीत. कॅनडातली पुतणी घराण्याची वंशावळ करते आहे. तिला या लग्नाची सरकारी नोंद हवी आहे. ती कुठे मिळेल? आणि वही उतरवून काढायची तर कशी?
— एक वाचक, नांदगाव (ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : पुतणीला आधी एवढे कळवा की, ती जो कागद शोधते आहे तो बहुधा कधी तयारच झाला नाही. त्या काळी मुंबई इलाख्यात हिंदू लग्नाची दप्तरात नोंद करण्याची सक्ती नव्हती. मुंबईचा विवाह नोंदणी कायदा १९५३ चा, हिंदू विवाह कायदा १९५५ चा. आज ग्रामपंचायतीत जी नोंद होते ती राज्याच्या १९९८ च्या कायद्याने. तेव्हा पणजोबांच्या लग्नाच्या दाखल्यासाठी कणकवली-ओरोसला हेलपाटे घालू नका.

परदेशातल्या मुलांना असा दाखला असणारच असे वाटते, त्याला कारण आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये लागलेल्या लग्नांच्या नकला कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिश अमलात लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचे स्वयंसेवक त्यांतली नावे उतरवून याद्या करतात. मालवण-वेंगुर्ल्याच्या कॅथलिक कुटुंबांना चर्चच्या वह्यांचा आधार असतो, कारण ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ सालीच पाद्र्यांना लग्नाची वही ठेवायला लावली होती. तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलात तर लग्नाची नागरी नोंदणी पोर्तुगीज अमलातच सक्तीची झाली होती, हिंदूंनाही. तुमच्या घरात पेडण्याकडची सून आली असेल आणि लग्न तिकडे लागले असेल, तर पणजीच्या गोवा पुराभिलेखागारात जरूर चौकशी करा.

बाकी कोकणाच्या लग्नाचे दप्तर घरातच असते : दोन्हीकडच्या सह्यांची लग्नाची याद, भटजींनी काढून दिलेले मुहूर्ताचे टिपण, कुंकुमपत्रिका आणि आहेराची वही. यांत मला वहीच सर्वांत मोलाची वाटते. पत्रिकेत मोजकी नावे असतात, वहीत सगळा गोतावळा असतो. असलद्याचा कोण, कासार्ड्याचा कोण, मसुऱ्याहून कोण आले, मुंबईहून मनिऑर्डर कोणी पाठवली, आणि कोण कोणाचा काय लागतो.

आता उतरवण्याचे. पहिला नियम, जसे आहे तसे. ओळीला ओळ, पानाला पान. नाव चुकीचे लिहिलेले वाटले तरी सुधारू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो आणि दोन शब्दांत जागाही सोडलेली नसते. त्यामुळे शब्द तोडणे हाच निम्मा अर्थ लावणे असते, आणि ते तुमचे काम आहे हे वाचणाऱ्याला दिसले पाहिजे. जे अक्षर लागत नाही ते चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह ठेवा. तुमचा अर्थ वेगळ्या रकान्यात.

आकड्यांकडे विशेष लक्ष द्या. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे ‘१।’ हा सव्वा रुपया, ‘१॥’ हा दीड. नवखा माणूस रेघ पूर्णविराम समजून सोडतो आणि सव्वा रुपया घालणारा मामा कागदावर एक रुपयाचा होतो. आहेराची रक्कम नात्यावर ठरायची, म्हणून ही चूक लहान नाही.

तारीख काढताना शकात ७८ मिळवून मोकळे होऊ नका. वैशाखातले लग्न असते तर १९०८ बरोबर होते. पण फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेले असते, म्हणून तुमच्या पणजोबांचे लग्न फेब्रुवारी-मार्च १९०९ मधले. टिपणात संवत्सराचे नाव असेल तर पडताळून पाहा. शके १८३० ला ‘कीलक’च असायला हवे. दुसरे काही दिसले तर शकाचा आकडा पुन्हा वाचा. नावांचे हे चक्र साठ वर्षांचे आहे, त्यामुळे एकदोन वर्षांची चूक त्यात लगेच उघडी पडते.

गावाचे नाव वहीत असेल तसेच लिहा, शेजारी आजचा तालुका-जिल्हा द्या. नुसते ‘नांदगाव’ लिहिलेत तर कॅनडात बसून शोधणारा माणूस नाशिक जिल्ह्यात पोचेल. आणि सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा रत्नागिरी दिसला तर गोंधळू नका.

खरी कसोटी मात्र पणजीची. लक्ष्मीपूजनाला तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले की माहेरचे नाव कागदावरून गेलेच म्हणून समजा. पुढे जमिनीच्या कागदांत ती ‘अमुक कोम तमुक’, म्हणजे तमुकची बायको, एवढीच उरते. वंशावळीत पुरुषांच्या आठ-आठ पिढ्या आणि बायकांच्या जागी कोरा चौकोन, हे मला दर वेळी खुपते. तुमच्या वहीत तो चौकोन भरायची सोय आहे. व्याह्यांच्या नावे जी ओळ आहे तो पणजीचा बाप. ‘नवरीचा मामा’ म्हणून ज्याने आहेर केला त्याच्या गावावरून तिच्या आईचे माहेर हाती लागते. एका वहीतून बायकांच्या दोन पिढ्यांचा माग मिळतो. म्हणून तक्त्यात प्रत्येक बाईसाठी माहेरचे नाव, सासरचे नाव, बापाचे गाव असे तीन वेगळे रकाने ठेवा. आज माहीत नसले तरी ते काढून टाकू नका.

वहीत न सापडलेल्या नावांसाठी घराण्याचे नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारा. त्यांच्या नामावळीत यात्रेला गेलेला पूर्वज स्वतःच्या हाताने बाप-आजा-भाऊ-मुलगे लिहून ठेवतो. तिथल्या नावांचा तुमच्या वहीशी मेळ बसला की वंशावळीला दुसरा साक्षीदार मिळाला. फेरफारातल्या वारसनोंदीही पाहा, त्यांत कधी सासरी गेलेल्या मुलींची नावे येतात.

मोडी वाचणारा माणूस मिळेपर्यंत थांबू नका. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून मोडी जाणकारांना मागणी वाढली आहे, त्यामुळे वेळ लागू शकतो. तोवर पावसाळ्याच्या आधी प्रत्येक पानाचे, कोऱ्या पानांचेही, खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा. पानाचा क्रमांक फोटोत दिसू द्या. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका, आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या सुती कापडात बांधा. फोटोंची एक प्रत पुतणीला पाठवा. बाळबोधीतला भाग ती तिथे बसून उतरवू शकेल, आणि नाती कोणती ते घरातल्या सर्वांत वयस्क आत्याला किंवा काकीला फोनवर विचारू शकेल. तो फोन या आठवड्यातच लावायला सांगा.