आजीचा १ जून : घरची कॉफी, घरचं जेवण आणि एक वाढदिवस



वाढदिवस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? केक, फुगे, हॉटेलातलं टेबल आणि मोबाइलवर धडाधड येणारे शुभेच्छांचे संदेश. त्यात वाईट काहीच नाही. पण तुमच्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाचा वाढदिवस कधी असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? आजीचा? आजोबांचा? वर्गात हा प्रश्न विचारून बघा. निम्मी मुलं गप्प बसतील आणि उरलेल्यांपैकी बरीच जण एकच तारीख सांगतील : १ जून!

आजच्या पाठात आपण या तारखेची गोष्ट समजून घेऊ आणि तो दिवस घरच्या कॉफीने आणि घरच्या जेवणाने कसा साजरा करता येईल, ते पाहू. त्यासाठी आपण नवी मुंबईतल्या दिवाळे गावात जाऊ. बेलापूरला लागून, पनवेल खाडीच्या काठी असलेला हा जुना कोळीवाडा. आजूबाजूला उंच इमारती उभ्या राहिल्या, तरी गावाची ओळख आजही होड्या, जाळी आणि मासळी बाजार हीच आहे. तुम्ही दुसऱ्या गावचे असलात तरी चालेल. आजी सगळीकडे सारखीच असते.

१) एवढ्या सगळ्यांचा जन्म १ जूनलाच कसा?

पूर्वी बाळंतपणं घरीच व्हायची. जन्माची नोंद करायला सरकारी कचेरीत कोण जाणार? मूल थोडं मोठं झालं की वडील त्याला शाळेत घेऊन यायचे. गुरुजी विचारायचे, "जन्मतारीख काय?" वडील म्हणायचे, "ते कुठलं ठाऊक? पावसाळ्याच्या तोंडावर झाला एवढं खरं." मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगत. बोटं डाव्या कानाला लागली की मूल सहा वर्षांचं झालं, असं धरायचं. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होणार, म्हणून जनरल रजिस्टरमध्ये तारीख पडायची १ जून.

हीच तारीख पुढे दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर आणि आधार कार्डावर गेली. म्हणूनच महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे रोजी सरकारी नोकरीतून एकदम खूप माणसं निवृत्त होतात. नियमच असा आहे, की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो.

ज्या आजींना शाळेचं तोंडच पाहायला मिळालं नाही, त्यांचं काय? त्यांच्या कागदावर बरेचदा १ जानेवारी दिसते किंवा नुसतंच साल असतं.

१९६९ साली जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला आणि देशभर जन्माची नोंद सक्तीची झाली. आता तर १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. तुमची तारीख पक्की आहे. आजीची तारीख मात्र कुणीतरी अंदाजाने लिहिलेली आहे.

२) आजीचं वय शोधूया

"मला काय माहीत बाबा माझी तारीख" असं आजी म्हणाली, तरी तिथे थांबू नका. तारीख आठवत नसली तरी प्रसंग आठवतात. जनगणना करणारेसुद्धा ही युक्ती वापरतात. मोठ्या घटनांची यादी घ्यायची आणि विचारायचं, "तेव्हा तू केवढी होतीस?"

दिवाळ्यासारख्या खाडीकाठच्या गावासाठी ही यादी उपयोगी पडेल :

- १४ एप्रिल १९४४ : मुंबईच्या गोदीतला मोठा स्फोट. त्याचा आवाज कित्येक मैलांवर ऐकू गेला होता.
- १५ ऑगस्ट १९४७ : स्वातंत्र्य.
- १ मे १९६० : महाराष्ट्र राज्याची स्थापना.
- ११ डिसेंबर १९६७ : कोयनेचा भूकंप. पहाटेच्या वेळी मुंबईपर्यंत जमीन हलली होती.
- १९७० : सिडकोची स्थापना. त्यानंतर गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी जाऊ लागल्या.
- डिसेंबर १९७१ : युद्ध आणि रात्रीचा काळोख. दिवे झाकून ठेवायचे दिवस.
- १९७२ : दुष्काळ.

आता उदाहरण घेऊ. समजा आजी म्हणाली, "महाराष्ट्र झाला तेव्हा मी आईबरोबर पाटी घेऊन बाजाराला जायला लागले होते. दहा-बारा वर्षांची असेन." १९६० मधून ११ वजा केले की १९४९. म्हणजे आजीचा जन्म १९४९च्या आसपासचा. मग महिना शोधायचा. "तुझी आई काय सांगायची? होड्या वर ओढल्या होत्या तेव्हा झालीस, की नारळी पौर्णिमेनंतर? थंडी होती का?" बघा, गणित, इतिहास आणि गप्पा एकाच तासात होतात!

महिना सापडला तर उत्तम. नाही सापडला तर कागदावरची १ जून घ्या. तारीख गुरुजींनी ठरवली असेल, पण आजी तर खरोखर जन्मली ना? मग साजरा करायला एक दिवस हवाच.

३) आजीसाठी कॉफी

आपल्याकडे रोजचा तो चहा. कॉफी मात्र जरा खास. पाहुणे आले, संध्याकाळी कुणी बोलायला बसलं, की जायफळ घातलेली कॉफी व्हायची. आता विचार करा : मासळी विकणारी बाई पहाटे उठते, माल घेते, दुपारपर्यंत बाजारात बसते. पाहुण्यांसाठीची कॉफी तिनेच आयुष्यभर केली. तिच्या हातात कुणी आयता कप किती वेळा दिला असेल?

कॉफी मूळची आपली नाही. येमेनमधल्या मोखा बंदरातून सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी कॉफीच्या सात बिया आणल्या आणि कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरेने सांगितलं जातं. ते डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात. आपल्या महाराष्ट्रातही कॉफी होते. अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा त्यासाठी प्रसिद्ध आहे.

*चार कपांसाठी :* पाणी १ कप, दूध ३ कप, कॉफी पूड ३ चमचे, साखर ३ ते ४ चमचे, जायफळ चिमूटभर.

*कृती :*

१. पाण्याला उकळी आणा. गॅस बंद करा आणि मग पूड घाला. झाकण ठेवून पाच मिनिटं थांबा. पूड खळखळा उकळत ठेवली तर कॉफी कडू होते.

२. गाळ तळाला बसला की पाणी अलगद बारीक गाळणीने गाळून घ्या.

३. दुसऱ्या भांड्यात दूध आणि साखर गरम करा. त्यात गाळलेली कॉफी ओता.

४. दोन भांड्यांत दोन-तीन वेळा वरखाली करा. छान फेस येतो.

५. शेवटी जायफळ किसणीवर दोन-तीनदाच घासा. त्याचा सुवास उडून जाणाऱ्या तेलात असतो, म्हणून ते आधी घालून उकळायचं नाही. चिमटीपेक्षा जास्तही घालायचं नाही, जास्त जायफळ अंगाला बाधतं.

काही पुडींत चिकोरी असते. ती एका झाडाची भाजलेली मुळी. तिच्यामुळे रंग दाट येतो, पण तिच्यात कॅफिन नसतं. पाकीट घेताना चिकोरीचं प्रमाण वाचायची सवय लावा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. आजीला साखरेचा त्रास असेल तर तिचा कप आधी वेगळा काढा. लहान भावंडांना कॉफी नको, जायफळाचं दूध द्या. आणि कॉफी जेवणाबरोबर देऊ नका. अन्नातलं लोह शरीराला नीट मिळत नाही. दुपारी चारला कॉफी आणि रात्री जेवण, हे वेळापत्रक उत्तम. गॅसजवळ मोठं माणूस हवंच.

४) १ जूनचं जेवण

आता गंमत बघा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ असतो, शिवाय समुद्रही खवळलेला असतो. होड्या काठावर येतात, जाळी दुरुस्तीला निघतात. म्हणजे आजीचा कागदावरचा वाढदिवस नेमका त्या दिवशी येतो, ज्या दिवशी कोळीवाड्याला उसंत मिळायला लागते! वर्षभर न सापडणारा मुलगा, नातू त्या दिवशी घरी सापडतो.

पण मग ताटात काय? कोळ्याचं घर याची तयारी आधीच करून ठेवतं. उन्हाळ्यात सुके बोंबील, सुका जवळा, सोडे, वाकट्या डब्यांत भरलेले असतात. वर्षाचा मसालाही एप्रिल-मेच्या उन्हात नुकताच कुटून झालेला असतो. कैऱ्या अजून मिळतात. तेव्हा ताट असं लावता येईल :

- तांदळाची गरम भाकरी
- कैरी घालून सुका जवळा
- वांगं-बटाट्यात सोडे
- भाजलेला सुका बोंबील, सोबत कांदा
- भात आणि खाडीतल्या चिंबोऱ्या मिळाल्या तर त्यांचा रस्सा
- तांदळाची खीर किंवा शेवटच्या आंब्यांचा रस

त्या दिवशी वार किंवा संकष्टी आली तर वालाचं बिरडं करा, तेही सणाचंच जेवण. सुक्या मासळीत मीठ असतं. ती कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुवा आणि चव बघूनच वरून मीठ घाला. रक्तदाब असलेल्या आजोबांसाठी हे महत्त्वाचं आहे.

५) पण रांधणार कोण?

हा या पाठातला खरा प्रश्न. आजीच्या वाढदिवसाला आजीने रांधायचं नाही, हे सगळे लगेच मान्य करतील. मग आई दुप्पट रांधेल! एका बाईची सुट्टी दुसऱ्या बाईच्या पाठीवर टाकली, तर तो कसला आनंद?

म्हणून आदल्या दिवशी कागद घ्या आणि कामं वाटा. कॉफी तुम्ही करा. लसूण सोलणं, कांदा चिरणं, जवळा निवडून धुणं बाबांकडे. भाकरी थापायला शिकायचं असेल तर काकाने शिकावी, वेडीवाकडी झाली तरी चालेल. भांडी ज्यांनी जेवताना जास्त वेळ गप्पा मारल्या त्यांच्याकडे! आणि एक नियम पक्का : रोज सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी आजी आणि आई त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसतील.

आणखी एक नाजूक गोष्ट. आजोबा हयात नसतील तर काही घरांत आजीला ओवाळत नाहीत, तिला कुंकू लावत नाहीत. नातवाचं औक्षण होतं तेव्हा ती मागे उभी राहते. का? तिने काय केलं आहे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की विधवा प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. एक गाव जे करू शकतं, ते एक घर नक्कीच करू शकतं. आजीला पाटावर बसवा. "कुंकू लावू ना ग आजी?" असं प्रेमाने विचारा. ती नको म्हणाली तर जबरदस्ती नको, पण निरांजनाने ओवाळा तरी. औक्षण म्हणजे आयुष्य वाढो ही इच्छा, आणि आजीचं आयुष्य वाढावं असं कोणाला वाटत नाही?

थोडक्यात

असा वाढदिवस साजरा करायला फार पैसे लागत नाहीत. थोडी कॉफी, थोडं जायफळ, घरातली सुकी मासळी आणि घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. शिवाय आजीच्या आठवणी ऐकायला एक दुपार लागते. त्या कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलेल्या नाहीत. तुम्ही विचारल्या नाहीत, तर त्या तिच्याबरोबरच जातील. म्हणून कॉफी हातात दिलीत की लगेच खेळायला पळू नका. कप रिकामा होईपर्यंत तिच्याजवळ बसा.

शब्दार्थ

सोडे – सोलून वाळवलेली कोळंबी
जवळा – अगदी बारीक कोळंबीसारखी मासळी
चिंबोरी – खेकडा
औक्षण – ओवाळणे
पंगत – जेवणाऱ्यांची ओळ

स्वाध्याय

१. जुन्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख १ जून का आहे? तीन-चार वाक्यांत लिहा.
२. वरील घटनांच्या यादीत तुमच्या गावातल्या दोन घटनांची भर घाला. त्या यादीच्या मदतीने घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीचं अंदाजे जन्मसाल काढा. आकडेमोड दाखवा.
३. जायफळ कॉफीत शेवटी का घालतात?
४. तुमच्या घरी काल सर्वांत शेवटी कोण जेवलं? का? स्वतःच्या शब्दांत लिहा.
५. उपक्रम : एका वडीलधाऱ्या व्यक्तीसाठी घरच्यांच्या मदतीने कॉफी किंवा चहा करा. तो कप संपेपर्यंत त्यांनी सांगितलेली एक आठवण, त्यांच्याच बोलीत, दहा ओळींत लिहून आणा.