दोन पत्ते आणि तीन महिन्यांची मुदत

पुणे-नगर रस्त्यावर, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या आमच्या कारेगावात भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या असून, मराठवाड्यातून आणि विदर्भातून नोकरीसाठी आलेली विशी-पंचविशीतली मुले-मुली त्यांत राहतात. आणि घरापासून दूर, शिफ्टच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या त्या आयुष्यात प्रेम जितक्या सहज जुळते तितकाच लग्नाचा निर्णय दुष्कर होऊन बसतो, हे मी शेजारधर्माने वर्षानुवर्षे पाहत आले आहे. टॅरोचे पत्ते या खोल्यांत शिरले ते याच वाटेने. मनातले विचारावे असे वडीलधारे माणूस ज्याच्याजवळ नाही, त्याला मोबाईलवरचा पत्ता जवळचा वाटला तर त्यात उपहास करण्यासारखे मला काही दिसत नाही. परंतु माझ्या भाचीच्या बाबतीत जे घडले, ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडावे म्हणून सांगते.

तिचे आणि तिच्याच कारखान्यातल्या, यवतमाळकडच्या एका सालस मुलाचे लग्न ठरले ते दोघांच्या संमतीने. जात वेगळी असल्यामुळे 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली त्यांनी पुण्यास विवाह अधिकाऱ्याकडे रीतसर नोटीस दिली. नोटिशीनंतर हरकतींसाठी 30 दिवसांची मुदत असते, आणि नोटीस दिल्यापासून 3 महिन्यांच्या आत लग्न लागले नाही तर ती नोटीस रद्दबातल होऊन सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. हरकत कुणाचीच आली नाही; आणि नेमक्या त्याच सुमारास हिचे मन डळमळू लागले. फोनवरून पत्ते वाचणाऱ्या एका बाईंनी तिच्यासाठी दोन पत्ते काढले: लव्हर्स, आणि त्याच्या शेजारी टू ऑफ स्वोर्ड्स. ‘प्रेम खरे आहे, पण काळ अनुकूल नाही, थांबा,’ असा निवाडा झाला. पुढच्या आठवड्यात शंका आली म्हणून पुन्हा जोडी, त्या जोडीचा अर्थ पटेना म्हणून खुलाशाचा तिसरा पत्ता, दर वेळी दक्षिणा वेगळी, आणि शेवटी ग्रहण लागल्यासारखे झालेले नाते सुधारण्यासाठी एका महागड्या उपायाची सूचना. एवढ्यात नोटिशीची मुदत टळून गेली.

त्या जोडीचा निवाडा मला तेव्हाही मान्य नव्हता, आजही नाही. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळण्यासाठी निघाले. भविष्यकथनाकडे त्यांचा उपयोग सर्रास होऊ लागला तो अठराव्या शतकात. आज जो 78 पत्त्यांचा संच सर्वत्र चालतो, त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने आर्थर एडवर्ड वेट यांच्या सूचनेवरून काढली आणि तो 1909 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा अर्थ शोधायचा तो त्या चित्रांत शोधावा. लव्हर्समधला पुरुष स्त्रीकडे पाहतो आहे. ती स्त्री मात्र त्याच्याकडे न पाहता वर, ढगांतून प्रकटलेल्या देवदूताकडे पाहते आहे. टू ऑफ स्वोर्ड्समधल्या स्त्रीच्या डोळ्यांवर पट्टी आहे, छातीशी दोन तलवारी तिने आडव्या धरल्या आहेत, आणि पाठीमागे खडकाळ समुद्रावर चंद्रकोर आहे. तिला कुणी बांधलेले नाही. याच संचात एट ऑफ स्वोर्ड्समधली स्त्री जखडलेली आहे. टू ऑफ स्वोर्ड्समधल्या स्त्रीचे हात मात्र मोकळे असून तलवारी तिने स्वतः पेलल्या आहेत. हे दोन पत्ते शेजारी ठेवले की काळ अनुकूल आहे की प्रतिकूल, याविषयी त्यांत एक अक्षरही सापडत नाही. एकीची नजर वरच्या कुणाच्या तरी संमतीकडे लागली आहे आणि दुसरीने नजरच मिटून घेतली आहे, एवढेच दिसते.

हे मी भाचीला दाखवले तेव्हा ती बराच वेळ चित्रांकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, ‘मावशी, तो दोन वर्षांनी गावी परत जाऊन शेती पाहणार म्हणतो. माझ्या नोकरीचं काय, हे मी त्याला विचारलंच नाही. आणि अप्पा काय म्हणतील, तेही नाही.’ इतक्या आठवड्यांच्या पत्त्यांत जे निघाले नव्हते, ते त्या एका वाक्यात निघाले. तो प्रश्न तिने त्याला विचारला. वडिलांशीही ती बोलली. त्या बोलण्यातून काय ठरले हा त्या दोघांचा खाजगी मामला आहे, पण दुसरी नोटीस त्यांनी दिली ती तो मुद्दा निकालात काढूनच.

तेव्हा ज्यांना पत्ते काढायचेच आहेत, त्यांना माझे कळकळीचे सांगणे असे, की पत्ते उलटण्यापूर्वी प्रश्न कागदावर लिहावा, आणि तो ‘त्याचे माझ्यावर प्रेम आहे का’ असा दुसऱ्याच्या मनाचा दाखला मागणारा नसावा. ‘मी कशाकडे पाहायचे टाळते आहे’ असा असावा. पहिला पत्ता कशाचा आणि दुसरा कशाचा, हे अगोदरच ठरवावे, नाहीतर सोयीचा अर्थ हवा तिकडे वळतो. टू ऑफ कप्ससारखा, पेले हाती घेऊन एकमेकांसमोर उभ्या असलेल्या स्त्री-पुरुषांचा पत्ता आला म्हणून होकार समजू नये, आणि तलवार आली म्हणून नकारही समजू नये. आमच्याकडे देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकून लहान मुलाकडून एक उचलवण्याची जुनी चाल होती. तिच्यात मला जे शहाणपण वाटते ते असे, की चिठ्ठी एकदाच उचलली जाई आणि मग घर कामाला लागे. त्याच प्रश्नावर पुन्हा पत्ते काढू नयेत, खुलाशाचा तिसरा तर नाहीच. उपायासाठी कुणी पैसे मागितले तर संभाषण तेथेच थांबवावे. आणि नोटीस दिलेली असेल तर तिची अखेरची तारीख त्याच कागदाच्या माथ्यावर लिहून, ज्याच्याशी बोलायचे आहे त्याच्याशी त्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी बोलावे.